उलटं हॉवर शिकवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचे तर उलट्या हॉवरपासून, म्हणजे रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर उलटं करून हवेत एका जागी थांबवण्यापासून, सुरुवात करून चालणार नाही, कारण तुम्हीही तिथून केली नव्हती. आधी सुटका, म्हणजे उलट्यातून पुन्हा सरळ होणं, पक्की करा, उलटं राहणं नंतर आपोआप लांबत जातं, हा तुमचा हेका. हे पत्र उघडपणे लिहितोय कारण धुळे, शिरपूर, शहाद्याकडे घरात कलेक्टिव्ह पिचचं (ब्लेडचा कोन बदलून वर-खाली जाणारं) हेलिकॉप्टर आहे पण शंभर किलोमीटरच्या आत विचारायला कोणी नाही, अशी बरीच मंडळी आहेत. त्यांनाही तुमची पद्धत मिळावी.

सगळ्यात आधी तुमच्या पिच गेजबद्दल, म्हणजे ब्लेडचा कोन (पिच) मोजणाऱ्या साधनाबद्दल. सेटिंगमधली चूक सरळ हॉवरमध्ये लपते आणि उलट्यात बाहेर पडते, हे तुम्ही टेबलावरच दाखवलंत. मोटरच्या वायरी सोडवलेल्या, रेडिओवरची (रिमोटवरची) कलेक्टिव्हची स्टिक बरोबर मध्यावर, ब्लेडवर गेज. मध्यावर शून्य हवा तिथे अधिक दीड अंश निघाला, तर अधिक अकरा ते उणे अकराचं गणित वर साडेबारा आणि खाली साडेनऊ असं होऊन बसतं. सरळ हॉवर साडेपाच अंशांच्या आसपास होतो, त्यामुळे वरचा जास्तीचा दीड अंश कोणाच्या लक्षातही येत नाही. उलटं झालं, खाली जायला लागलं, स्टिक तळाला नेली आणि तरी वर येईना, की मग कळतं. तुमचा क्रम आता आमच्या तोंडपाठ आहे: सर्व्होचे (ब्लेडचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) आर्म काटकोनात, मग स्वॉशप्लेट (सर्व्होची हालचाल ब्लेडपर्यंत नेणारी तबकडी) लेव्हल, मग मध्यावर शून्य आणि सगळ्यात शेवटी दोन्ही टोकं. फ्लायबारलेस युनिट (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असलं की रेडिओच्या ट्रिमला (स्टिकचा मध्य किंचित सरकवणाऱ्या बटणांना) हातही लावायचा नाही, कारण युनिट ट्रिमला पायलटचा हुकूम समजतं आणि हेलिकॉप्टर सतत त्या बाजूला फिरवत राहतं. जे काही सुधारायचं ते युनिटच्या सेटिंगमध्ये किंवा लिंक (सर्व्हो आणि ब्लेड जोडणाऱ्या दांड्या) फिरवून.

नॉर्मल मोडमध्ये उलटं व्हायचं नाही, हे सगळेच सांगतात. का नाही, ते तुम्ही समजावलंत. नॉर्मलची थ्रॉटल कर्व्ह, म्हणजे स्टिकच्या जागेनुसार मोटरला मिळणारा जोर, शून्यापासून चढत जाते. उलट्यात टिकायला स्टिक खाली लागते, आणि खाली स्टिक म्हणजे मोटर मंद. ज्या क्षणी ब्लेडला जोर हवा त्याच क्षणी आरपीएम गळतो. म्हणून आयडल-अप हा दुसरा मोड: पिच कर्व्ह सरळ रेषेत, थ्रॉटल सपाट, पाचही बिंदूंवर ८० टक्के, किंवा मग गव्हर्नर (आरपीएम कायम ठेवणारी सोय). उणे अकरा ते अधिक अकरा सरळ रेषेत असलं की सरळ हॉवर स्टिकच्या तीन चतुर्थांशावर येतो आणि उलटा हॉवर तळापासून एक चतुर्थांशावर. अंगठ्याला जागा कळायला हे दोन आकडे पुरतात. आणि जमिनीवर स्टिक तळाला ठेवून आयडल-अप टाकायचं नाही. ब्लेड पूर्ण उणे पिचवर फिरून हेलिकॉप्टर जमिनीत दाबतात आणि ते जागच्या जागी उलथतं. थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) काढण्याआधी स्टिक मध्यावर, दर वेळी.

आता दिशांचा घोळ. शेपटी आपल्याकडे ठेवून उलटं केलं तर नक्की काय काय उलटतं? ‘सगळंच’ असं उत्तर देणारे पुष्कळ आहेत आणि ते चूक आहे. आयलेरॉन (डावी-उजवीकडे कलवणारा) तसाच राहतो: स्टिक उजवीकडे, हेलिकॉप्टर उजवीकडे. उलटतात ते एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे) आणि कलेक्टिव्ह (वर-खाली). एलिव्हेटर पुढे ढकलला की नाक वर जातं आणि हेलिकॉप्टर आपल्याकडे येतं. उजवा रडर दिला की नाक डावीकडे जाताना दिसतं. जुन्या रेडिओंमध्ये उलट्या उड्डाणासाठी वेगळा स्विच असायचा आणि तो नेमक्या याच तीन गोष्टी फिरवायचा, हा तुमचा दाखला आम्ही नव्यांना आवर्जून सांगतो. मेंदूला चारऐवजी तीनच गोष्टी फिरवायच्या आहेत म्हटलं की निम्मी धास्ती कमी होते. नाक आपल्याकडे असताना उलटं केलं तर हिशोब बदलतो. तिथे एलिव्हेटर सवयीचा लागतो, आयलेरॉन फिरतो. दोन्ही एकाच आठवड्यात शिकायला घेऊ नका, असं तुम्ही बजावलंत, आणि त्याच कारणासाठी उलटं होताना आयलेरॉनने अर्धा रोल घ्यायला लावलात. रोलमध्ये नाकाची दिशा तीच राहते. एलिव्हेटर ओढून अर्धी फ्लिप घेतली तर सुरुवात शेपटी आपल्याकडे असताना होते आणि उलटं झाल्यावर नाक आपल्यासमोर येतं, म्हणजे शिकलेलं सगळं एका सेकंदात निरुपयोगी.

सुटकेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण खरं शिक्षण तेच. घाबरलेला अंगठा स्टिक वर ढकलतो. हेलिकॉप्टर खाली येतंय, वर न्यायचंय, वर्षानुवर्षांची सवय. उलट्यात तीच सवय हेलिकॉप्टर जमिनीत गाडते, कारण गुरुत्वाकर्षण आणि ब्लेडचा जोर दोन्ही एकाच दिशेने लागतात. ब्लेडचा जोर वजनाच्या तिप्पट धरला तर पंधरा मीटर उंची एका सेकंदाच्या आत संपते. स्टिक नुसती मध्यावर आणली तर तेच हेलिकॉप्टर पहिल्या सेकंदात पाच मीटरच पडतं. म्हणून तुमचा क्रम: गोंधळ झाला की आधी मध्य, मग पूर्ण उजवा आयलेरॉन, आणि स्किड (हेलिकॉप्टरचे खालचे पाय) जमिनीकडे आलेले दिसले की मगच अधिक पिच. तिन्ही वेगवेगळे, एकात एक मिसळायचे नाहीत. वाट एकच, उजवीकडून. डावीकडून आणि एलिव्हेटरनेही सुटता येतं हे खरं, पण पर्याय तीन असले की अंगठा निवडत बसतो. रोलचा वेग सेकंदाला दोनशे अंशांच्या आसपास ठेवला की अर्धा रोल सेकंदाच्या आत पुरा होतो. किमान पंधरा मीटर उंचीची तुमची अट याच हिशोबातून आली आहे, भित्रेपणातून नाही. युनिटमध्ये रेस्क्यू (हेलिकॉप्टर आपोआप सावरणारी सोय) असेल तर तो स्विच बोटाखाली ठेवायला तुमची हरकत नव्हती. फक्त एवढंच म्हणालात की तो सरळ करून वर काढतो की उलटाच वर ढकलतो, हे आधी भरपूर उंचीवर तपासा.

सिम्युलेटरवरही तुम्ही हाच धडा आधी करून घेतलात. स्वतःचाच रेडिओ यूएसबीने जोडायचा, हेलिकॉप्टर उलटंच सुरू करायचं आणि जागेवर ठेवण्याऐवजी मुद्दाम बिघडवून सुटायचं. सुटका न चुकता व्हायला लागली की मगच हॉवर लांबवायचा. वावरातही क्रम तोच: अर्धा रोल, एक आकडा मोजायचा, लगेच बाहेर. मग दोन, मग पाच. एक आकडा नीट जमत नाही तोवर पाचचा हट्ट नको.

यांत्रिक बाजूच्या दोन गोष्टी तुमच्याशिवाय आम्हाला कळल्या नसत्या. पहिली बूम स्ट्राइकची, म्हणजे ब्लेड शेपटीच्या दांड्याला (बूमला) लागण्याची. उणे पिचला ब्लेड वाकतात ते शेपटीच्या बूमकडे. डॅम्परचे (ब्लेडची वरखाली हालचाल आवरणाऱ्या रिंगांचे) रबर नरम, आरपीएम कमी आणि कलेक्टिव्हचा झटका, हे तिन्ही जुळलं की ब्लेड हवेतच बूम कापतं. उन्हात रबर आणखी सैल पडतं, म्हणून उन्हाळ्यात कडक डॅम्पर घालायचे. दुसरी बॅटरीची. सरळ उडताना ती ट्रेमध्ये बसलेली असते, उलट्यात ती पट्ट्यावर लटकते. एक वेलक्रो पुरत नाही, दोन हवेत, आणि बांधून झाल्यावर फक्त बॅटरी धरून अख्खं हेलिकॉप्टर उचलून हलवायचं. सरकली तर उडवायचं नाही.

खानदेशातल्या उन्हाचा विचार कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसतो, तो तुम्ही करून दिलात. पारा ४५ वर गेला की हवा १५ अंशांच्या मानाने साधारण दहा टक्के विरळ होते. हॉवरला अर्धा अंश पिच जास्त लागतो, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तापतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये टायमर साडेचारऐवजी चार मिनिटांवर. उतरल्यावर बॅटरीचा कोणताही सेल ३.७ व्होल्टच्या खाली गेलेला नको. लायपो बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवायच्या नाहीत, फुगतात. उडवायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, कारण अकरानंतर मोकळ्या शिवारात वावटळी उठतात. केळीच्या बागेचा आडोसा फसवा असतो. झाडांच्या उंचीपर्यंत हवा थांबलेली वाटते, आणि वर गेलं की वारा हेलिकॉप्टर एकदम बाजूला ढकलतो. त्यातून बागेत पडलंच तर केळीचा चीक लगेच ओल्या फडक्याने पुसायचा, वाळला की लिंक जड फिरतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात स्किड अडकून हेलिकॉप्टर उतरतानाच कलंडतं. दोन फूट बाय दोन फुटाचा प्लायवूड सोबत न्या म्हणालात. तेव्हा हसू आलं होतं, आता प्रत्येक गाडीत एक तुकडा आहे.

पडणार हे नक्की झालं की थ्रॉटल होल्ड, जमिनीला लागायच्या आधी. ब्लेड तुटतातच, पण मेन गियर आणि सर्व्होचे दात वाचतात. पडल्यावर फेदरिंग शाफ्ट (दोन्ही ब्लेडच्या पकडी जोडणारी दांडी) काढून काचेवर लोटून बघायचा, डुगडुगला तर बदलायचा, डोळ्याला सरळ दिसला तरी. पार्ट कुरिअरने यायला वेळ लागतो, तेव्हा हा शाफ्ट, मेन शाफ्ट, मेन गियर, बूम आणि ब्लेडची एक जोडी घरात असलेली बरी. आणि माणसांपासूनचं अंतर. ३२५ मिलिमीटरच्या ब्लेडचं टोक २६०० आरपीएमला ताशी ३४० किलोमीटरच्या पुढे असतं. बघायला आलेली पोरं पायलटच्या मागे, बांधापलीकडे, हा तुमचा नियम कोणासाठीही सैल केलेला नाही. जळगाव विमानतळ आणि भुसावळ, वरणगावच्या आयुध निर्माण्यांचा परिसर टाळून, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा हवाई हद्दीचा नकाशा बघूनच जागा ठरवतो.

आता एक विनंती. शेपटी आपल्याकडे असतानाचं उलटं हॉवर आमच्यातल्या बऱ्याच जणांचं बसलं आहे. नाक समोर असतानाच्या उलट्यासाठी सुटकेची वाट तीच उजवीकडची ठेवायची की बदलायची, यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य आहे.

पिच गेज या आठवड्यात कुरिअरने परत पाठवतो. त्याचा घट्ट करायचा स्क्रू झिजला होता, नवा घातला आहे. आकडे आधी एका माहितीच्या ब्लेडवर ताडून घ्या.

तुमचे,
जळगाव, भुसावळ आणि चोपड्याची हेलिकॉप्टरवाली मंडळी