रात्री बर्फ गोठला का, ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मनालीच्या वरच्या भागात एप्रिल-मेमध्ये स्की घेऊन जाण्याबद्दल लेख आला होता, फोटो फारच सुंदर होते आणि आपल्याकडची मुलं ट्रेकच्या पुढे जाऊन आता स्की टूरिंग करायला लागलीयत हे वाचून खरंच आनंद झाला. पण त्यात एक वाक्य होतं, की थंडी संपल्यावर बर्फ बसलेला असतो त्यामुळे हिमस्खलनाची भीती उरत नाही. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, स्की टूरिंग हे मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर भाड्याचे स्की लावून घसरण्यासारखं नसतं. इथे लिफ्ट नाही, स्कीच्या तळाला स्किन नावाची पट्टी चिकटवायची, ती पुढे सरकते पण मागे घसरू देत नाही, तशी तीन-चार तास चढाई करायची, वर पोचलं की पट्ट्या काढायच्या आणि खाली यायचं. म्हणजे ज्या उतारावरून खाली यायचं त्याच्याच अंगाखांद्यावर तुम्ही अर्धा दिवस असता, आणि तो उतार त्या दिवशी कसा आहे हे आदल्या रात्रीवर ठरतं.

एप्रिलमध्ये दिवसा बर्फ वितळतो, पाणी खाली झिरपतं आणि रात्री परत गोठतं. असं रोज होत गेलं की वरचा थर जाड दाण्यांचा होतो, त्याला कॉर्न म्हणतात, सकाळच्या उन्हात वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे झाले की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होतात आणि त्यावर स्की काय सुंदर चालतात ते सांगता येत नाही, त्यासाठीच तर लोक जातात. पण ही मजा फक्त तास-दीड तासाची, त्याच्या आधी गेलात तर काचेसारखा टणक, पाय सुटला तर थांबता येणार नाही, आणि नंतर गेलात तर आतपर्यंत ओला झालेला. ओला झालेला म्हणजे दाण्यांना धरून ठेवणारा गोठलेला जोड सुटलेला. आपल्याकडे पावसाळ्यात दरड का येते तर पाणी मुरून माती खालच्या खडकाला सोडते, माळीणला आणि इर्शाळवाडीला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तिथे पाणी मुरायला पाऊस लागतो, बर्फात मात्र नुसत्या उन्हाने पाणी तयार होतं, स्वच्छ निळं आकाश असताना.

आणि रात्र म्हणजे नुसती थंड रात्र चालत नाही, आकाश मोकळं लागतं. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता सरळ वर सोडून देतो, हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी वरचा थर कडक होऊ शकतो. ढग असले की गोधडी पांघरल्यासारखं होतं, उष्णता तिथेच राहते आणि बर्फ गोठतच नाही. हे मला पुस्तकातून माहिती होतं, कळलं मात्र त्या दिवशी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, आम्ही पुण्याचे सहाजण, एका आयोजकाबरोबर गेलो होतो, त्याचं नाव सांगत नाही कारण मुद्दा त्याच्या एकट्याचा नाही. शेवटचा दिवस होता, संध्याकाळी खाली उतरून दुसऱ्या दिवशी दिल्लीची व्होल्वो पकडायची, तिथून ट्रेन, सगळी तिकिटं काढलेली. पहाटे तीनला तिथला स्थानिक गाइड तंबूबाहेर गेला, मीही गेलो. एकही तारा दिसत नव्हता. त्याने काठी बर्फात टोचली ती काही जोर न लावता मुठीपर्यंत आत गेली, मग हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला आणि दाबला तर बोटांमधून पाणी आलं. पहाटे तीनला, 3500 मीटरच्या वर. तो एवढंच म्हणाला, "भाईसाब, रात को बंधी नहीं। आज नहीं।" म्हणजे रात्री बर्फ गोठलाच नाही. आयोजक म्हणाला आजचाच दिवस आहे, सगळ्यांनी पैसे भरलेत, बघू उजाडल्यावर. आम्हीही गप्प बसलो, खरं सांगायचं तर आम्हाला पण जायचं होतं.

साडेसातला निघालो, म्हणजे जेव्हा खरं तर निम्मी चढाई होऊन जायला हवी तेव्हा. दहाच्या सुमारास ढग फाटले आणि कडक ऊन पडलं. आधी वरच्या काळ्या खडकांच्या कडेने छोटे गोळे सुटायला लागले, लाडू वळत यावेत तसे, खाली येता येता मोठे होत जाणारे, पाठीमागे नागमोडी रेघ सोडत. स्की काढून पाऊल टाकलं तर घोट्याच्याही वर आत जात होतं. गाइड थांबला आणि या वेळी त्याने कोणाला विचारलं नाही, सरळ सगळ्यांना वळवलं आणि नाळेतून, म्हणजे दोन धारांमधल्या अरुंद घळीतून न जाता बाजूच्या धारेवरून खाली घेतलं. आम्ही धारेवर असताना साडेअकराच्या आसपास नाळेतून हिमस्खलन आलं. पांढऱ्या धुरळ्याचा ढग वगैरे काही नाही, ओल्या सिमेंटसारखं, हळू वाटावं असं, पण आवाज असा की छातीत जाणवत होता. आमच्या सकाळच्या चढाईच्या खुणा त्याच्याखाली गेल्या. कोणाला खरचटलंही नाही. आमच्या सहाजणांपैकी ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं हे तिन्ही फक्त दोघांकडे होतं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा असते, ते सोबतच्यांनीच करायचं असतं, खालून कोणी येईपर्यंत वेळ राहत नाही.

त्या दिवसापासून मी तारखा वेगळ्या ठरवतो. रेल्वेचं तिकीट आता 60 दिवस आधी मिळतं, म्हणजे फेब्रुवारीत बसून आपण एप्रिलमधल्या बर्फाची तारीख ठरवून टाकतो आणि मग तिथे जाऊन बर्फाने आपलं ऐकावं अशी अपेक्षा करतो. 2025 मध्ये गुलमर्गला बर्फच कमी म्हणून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, सरकारी स्पर्धेला जर तारीख बदलावी लागते तर आपल्या आठ दिवसांच्या रजेचं काय. मी आता दहा दिवस काढतो आणि त्यात चारच दिवस स्कीचे धरतो, बाकीचे हवेसाठी आणि उंचीची सवय व्हायला. नवीन बर्फ पडला की कमीत कमी दोन दिवस वर जात नाही, कारण वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारं बर्फाचं वादळ, गेल्यावर जे पहिलं कडक ऊन पडतं तेच सगळ्यात वाईट. ओळीने दोन-तीन रात्री स्वच्छ गेल्या आणि सकाळी काठी टणक लागली तर पहाटे तीन-चारला निघायचं, पूर्वेकडच्या उतारावर ऊन आधी येतं त्यामुळे तिथून आधी उतरायचं, दक्षिण मग, पश्चिम शेवटी, आणि अकराच्या आत मोठ्या उतारांखालून पूर्णपणे बाहेर. उत्तरेच्या उतारावर एप्रिलमध्येही थंडीतलाच बर्फ असतो, त्याचं गणित वेगळं. आणि आपण उभे आहोत तो उतार सौम्य असला तरी डोक्यावर काय आहे ते बघायला लागतं. 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमस्खलनं जास्त सुटतात, मोबाइलवर अंश मोजायचं ॲप मिळतं, दोन मिनिटं लागतात.

अजून एक, हे फार कमी जण सांगतात. डिसेंबर-जानेवारी कोरडे गेले आणि थोडाच बर्फ पडला तर लोकांना वाटतं बरं झालं, धोका कमी. उलट आहे. पातळ बर्फ, खाली उबदार जमीन आणि वर कडक थंडी, यात तळाचा थर साखरेसारखा सुटा होतो, मुठीत दाबला तर गोळा वळत नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यावर मोठा बर्फ पडतो आणि एप्रिलमध्ये वितळलेलं पाणी त्या साखरेपर्यंत पोचलं की अख्खा थर जमिनीपासून सुटू शकतो. म्हणून एप्रिलचं ठरवायचं तर जानेवारीपासून तिथे राहणाऱ्या माणसाला फोन करत राहायचं, बर्फ किती पडला आणि कधी पडला. चंदीगडची डीजीआरई, म्हणजे हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, आधीची सासे, जिल्ह्यानुसार हिमस्खलनाचा इशारा देते, तो रोज बघायलाच हवा पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या नाळेचं त्यात काही लिहिलेलं नसतं, ते पहाटे तीनला काठी टोचूनच कळतं.

आपल्याकडच्या आयोजकांना हात जोडून विनंती आहे, ठरलेल्या तारखेला माथा गाठायचाच अशा जाहिराती करू नका, एक-दोन मोकळे दिवस धरा आणि त्याचे पैसे आधीच सांगा, लोक देतील. आणि "आज नहीं" म्हणणाऱ्या गाइडचा त्या दिवसाचा पगार कापू नका, आमच्या वेळी तो अर्धा दिला गेला, आम्हाला हे पुण्यात आल्यावर कळलं.

संपादक साहेब, पुढच्या रविवारी त्या एका वाक्याची दुरुस्ती छापाल का? सहलींच्या जाहिराती असतात त्याच पानावर छापलीत तर जास्त बरं, एप्रिलचं बुकिंग करणारे ते पान आधी उघडतात. आम्ही चौघे यंदा 18 एप्रिलला निघतोय, जायचं तिकीट आहे, परतीचं अजून काढलेलं नाही.

आपला एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे