दादाच्या ताटाचा पंचनामा

प्रिय सुहास,

दादाचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन नीट पार पडलं, गाठ पूर्ण निघाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पत्राचा पुढचा भाग वाचून मात्र तुझा रागच आला. तो कॉलेजपासून सॉसेज खायचा, भाजी ताटाच्या कडेला सारायचा, म्हणूनच हे झालं, असा निकाल तू देऊन मोकळा झालास. लगेच स्वतःच्या स्वयंपाकघराची झाडाझडतीही घेतलीस: दूध बंद, कोंड्याचे आणि धान्यांचे नवे डबे. वहिनी काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे!

आकडे शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून खाण्याचा या रोगाशी किती संबंध, ते तू मला विचारतोयस. मी डॉक्टर नाही हे धरूनच पुढचं वाच.

आधी मांसाचं बघू, कारण तुझा सगळा आरोप त्यावरच उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. 2015 साली तिथे 10 देशांचे 22 तज्ज्ञ बसले आणि 800हून जास्त अभ्यास चाळून त्यांनी निर्णय दिला: हॅम, बेकन, सॉसेज असं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरतं. ते पहिल्या गटात गेलं, तंबाखूही त्याच गटात आहे. साधं लाल मांस एक पायरी खाली, ‘बहुधा कारणीभूत’ या गटात. मग ‘सॉसेज सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे झळकले. पण पुरावा किती पक्का आहे एवढंच हा गट सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही.

धोक्याचा आकार त्याच अहवालात आहे. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. 18 टक्के म्हटलं की छातीत धस्स होतं, पण कशाचे 18 टक्के? ज्या देशांत हा रोग बराच आढळतो तिथे 100 माणसांमागे साधारण 6 जणांना तो आयुष्यात कधीतरी होतो. ती शंभरही माणसं रोज 50 ग्रॅम सॉसेज खात राहिली तर 6चे 7 होतील. म्हणजे 93 जण खाऊनही सुटतात, आणि ज्या सातांना होतो त्यांतल्या सहांना तो एरवीही झालाच असता. दादा त्या सहांतला की सातवा, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. तू मात्र सांगून मोकळा झालास.

याचा अर्थ खाण्याचा संबंध नाही असा मुळीच घेऊ नकोस. जपानमधून हवाईत जाऊन राहिलेल्या लोकांमध्ये एकदोन पिढ्यांतच या कर्करोगाचं प्रमाण वाढलं. जनुकं काही इतक्या लवकर बदलत नाहीत. शिवाय मांस आतड्याला कसं बाधतं याच्या वाटाही बऱ्याच कळल्या आहेत. लाल मांसातल्या हीम नावाच्या लोहयुक्त घटकामुळे आणि मांस टिकवायला घातलेल्या नायट्राइटमुळे आतड्यात नायट्रोसो संयुगं तयार होतात, ती पेशींच्या डीएनएला इजा करतात. मांस कडक आचेवर करपेपर्यंत भाजलं तर आणखी काही घातक रसायनांची भर पडते.

आता चोथ्याचं, म्हणजे फायबरचं. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा लांबण लावतो. डेनिस बर्किट हा आयरिश सर्जन युगांडात बरीच वर्षं काम करत होता. पाश्चात्त्य देशांत नेहमी दिसणारा आतड्याचा कर्करोग आफ्रिकेच्या खेड्यांत क्वचितच आढळतो, हे त्याला खटकलं. मग गडी चक्क लोकांच्या मळाची वजनं करू लागला! अन्न पोटातून बाहेर पडायला किती तास लागतात तेही मोजू लागला. 1971मध्ये त्याने मांडलं की भरपूर चोथा खाणाऱ्यांचं पोट लवकर साफ होतं आणि घातक द्रव्यं आतड्याच्या अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाहीत. जगभर कोंड्याची लाट आली.

पुढे लाट ओसरली. 1999मध्ये अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या पाहणीत चोथ्याचा फायदा दिसला नाही. 2000 साली दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात लोकांना कमी चरबीचा आणि भरपूर चोथ्याचा आहार दिला होता, दुसऱ्यात गव्हाचा कोंडा. दोन्हींत पॉलिप, म्हणजे आतड्यातले कर्करोगाआधीचे कोंब, पुन्हा यायचे थांबले नाहीत. नंतर 2003 साली युरोपातल्या 10 देशांतल्या 5 लाखांवर लोकांच्या पाहणीत फायदा पुन्हा दिसला. 2011मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की रोजच्या चोथ्यात 10 ग्रॅमची वाढ झाली की धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी आढळतो आणि अख्ख्या धान्याचा परिणाम सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

मग खरं काय? माझं मत विचारशील तर ते प्रयोग तीनचार वर्षांचे होते, आणि साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा 10 वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. इतक्या थोड्या काळात ताट बदलून काय दिसणार! बर्किटचा रोख बरोबर होता, कारण मात्र अर्धंच हाती आलं होतं. चोथा आतड्याला नुसता झाडून काढत नाही. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. 2015मध्ये एक भन्नाट प्रयोग झाला. 20 आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले 20 जण यांच्या आहारांची दोन आठवडे अदलाबदल केली. तेवढ्यात अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट कितीतरी वाढलं, आफ्रिकनांचं घटलं, आणि अस्तराच्या दाहाची लक्षणंही त्यानुसार फिरली. कर्करोग दोन आठवड्यांत होत नाही आणि टळतही नाही, पण आतडं ताटाला किती लवकर दाद देतं ते यातून कळतं.

दूध बंद केलंस ते का, मला समजलं नाही. 2025मध्ये ब्रिटनमधल्या 5 लाखांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत रोज 300 मिलिग्रॅम जादा कॅल्शियम, म्हणजे साधारण एक मोठा पेलाभर दूध, घेणाऱ्यांत धोका 17 टक्के कमी आढळला. म्हणून गोळ्यांच्या बाटल्या आणू नकोस. कॅल्शियमच्या गोळ्यांचा 1999च्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता, पण 2015च्या मोठ्या चाचणीत पॉलिप कमी झाले नाहीत. दारूचं मात्र नक्की आहे, ती धोका वाढवते. वजन आणि चालणं यांबद्दल तुला माहीत आहेच आणि तू ऐकत नाहीस हे मलाही माहीत आहे.

पण सुहास, अख्ख्या पत्रात तू कोलोनोस्कोपीचं, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीचं, नावसुद्धा काढलं नाहीस! सख्ख्या भावाला हा रोग झाला की आपला धोका जवळपास दुप्पट होतो. ताटात कितीही फेरफार केलास तरी तेवढा धोका त्याने भरून निघत नाही. अशा नातेवाइकांनी चाळिशीत, किंवा रुग्णाला ज्या वयात रोग कळला त्याच्या 10 वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा तपासणी करावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. दादा 52चा, तू 47चा. म्हणजे तुझी वेळ केव्हाच टळून गेली. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकतात. अमेरिकेत असे पॉलिप काढलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा 53 टक्के कमी भरले. ताटातल्या कोणत्याही बदलाच्या नावावर असा आकडा मला तरी सापडलेला नाही.

आणखी एक. दादाच्या गाठीची लिंच सिंड्रोमसाठी तपासणी झाली का, ते त्याच्या डॉक्टरांना विचार. हा जनुकांतला दोष घराण्यातून येतो आणि या कर्करोगाचा धोका खूप वाढवतो. तो निघाला तर तुझ्याच नव्हे, मुलांच्या तपासणीचंही वेळापत्रक बदलेल. आणि दादाच्या मागे कोंडा घेऊन लागू नकोस. आतड्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला बहुधा चोथा कमीच खायला सांगतात. त्याच्या सर्जनने दिलेला कागद वाच आणि तेवढंच त्याला दे.

तुझ्याही कोलोनोस्कोपीच्या आधी दोनतीन दिवस अख्खं धान्य, बिया, साली सगळं बंद करावं लागेल, तेव्हा वहिनींना सांग, नव्या डब्यांना तूर्त सुट्टी. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध बेचव असतं, पण ते पूर्ण घे. आतडं साफ नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवता येणार नाही, सोबत कोणीतरी लागेल. तारीख ठरली की कळव, मी रजा टाकतो.

तुझा,
विनायक