संघ बंद पडला नाही, करार संपला

संपादक महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या मायनर लीग, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या पायऱ्यांवरच्या, बेसबॉलवर आलेल्या लेखात आयोवा राज्यातला क्लिंटन लंबरकिंग्ज हा संघ २०२० साली 'बंद पडला' असे म्हटले आहे. तो आजही खेळतो. मायनर लीगमध्ये कशावर कोणाची मालकी असते, हा मुद्दाच लेखातून निसटल्यामुळे ही गफलत झालेली दिसते.

क्लिंटन हे मिसिसिपीकाठचे साधारण पंचवीस हजार वस्तीचे गाव. एके काळी उत्तरेकडून नदीतून ओंडक्यांचे तराफे येत आणि इथल्या गिरण्यांत चिरले जात. संघाचे नाव त्यावरून पडले (लंबर म्हणजे चिरलेले लाकूड). मैदान १९३७ चे, मंदीत बेकारांना काम मिळावे म्हणून सरकारने काढलेल्या बांधकामांपैकी. मायनर लीगमधल्याच मिडवेस्ट लीगला १९५६ साली हे नाव मिळाले, तेव्हापासून क्लिंटन तिच्यात होते. १९६३ आणि १९९१ मध्ये विजेतेपदही मिळवले. पुढे १९८८ ची वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम लढत) गाजवणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ओरेल हर्शायझर १९७९ मध्ये इथूनच सुरुवात करून गेला.

आता मालकीचे. क्लिंटनचा क्लब गावकऱ्यांची ना-नफा संस्था चालवते आणि मैदान शहराचे आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि फिजिओ मात्र २०२० पर्यंत मूळ क्लबाचे, म्हणजे मेजर लीगमधल्या ज्या क्लबाशी संलग्नतेचा करार असे त्याचे. त्यांचे पगार तोच देणार आणि कोणाला कधी वर बोलवायचे हेही तोच ठरवणार. उत्तम खेळणारा पोरगा ऐन जुलैत उचलून नेला, तरी स्थानिक व्यवस्थापकाला हूं की चूं करता येत नसे. गावाच्या वाट्याला मैदान, दिवे, बस, तिकीट खिडकी, खाद्यपदार्थांचे स्टॉल आणि कुंपणावरच्या जाहिराती. तिकिटांच्या उत्पन्नातला थोडा हिस्सा वर मेजर लीगलाही जाई. जमाखर्चाचे गणित सगळ्यात जास्त पाऊस बिघडवतो. नऊपैकी पाच इनिंग झाल्या की सामना पूर्ण धरला जातो. त्याआधी पावसाने गाठले तर प्रेक्षकाला सहसा दुसऱ्या सामन्याचे तिकीट द्यावे लागते. बुडालेला सामना मग दुसऱ्या दिवशी सात-सात इनिंगच्या जोडसामन्यात उरकतात, म्हणजे एका तिकिटात दोन सामने. ताडपत्री पटकन घातली नाही तर इनफील्डचा चिखल होतो, आणि ऊन पडल्यावर ती तशीच राहिली तर खालचे गवत पिवळे पडते.

मूळ क्लबाशी करार दोन किंवा चार वर्षांचा असे. संघाचे नाव मूळ क्लबावरून असले की करार बदलला, की टोप्या, गणवेश, फलक सगळे रद्दीत. पायरट्स, डॉजर्स, जायंट्स अशी नावे क्लिंटनने वापरून पाहिली. १९९४ मध्ये लंबरकिंग्ज हे स्वतःचे नाव घेतले, हा या क्लबाचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. त्यानंतर पॅड्रेस, रेड्स, एक्स्पोज, रेंजर्स, मरिनर्स आणि मार्लिन्स असे सहा मूळ क्लब आले नि गेले, नाव हलले नाही.

२०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. त्याच सप्टेंबरअखेर मेजर आणि मायनर लीगमधला मुख्य करार संपला आणि मेजर लीगने १६० संलग्न संघांवरून संख्या १२० वर आणली. क्लिंटन त्यातून वगळले गेले. मूळ क्लब गेला तो आपले खेळाडू घेऊन. संस्था, मैदान आणि नाव गावाचेच होते, ते गावातच राहिले. २०२१ मध्ये क्लब प्रॉस्पेक्ट लीगमध्ये दाखल झाला.

तिथला मामला निराळा. खेळाडू कॉलेजचे विद्यार्थी, उन्हाळी सुटीत लाकडी बॅटने खेळणारे. कॉलेजच्या संघाकडून खेळण्याची पात्रता टिकवायची म्हणून ते पगार घेत नाहीत. म्हणजे खेळाडू आणि प्रशिक्षक शोधणे, मुलांना कुणाच्या तरी घरी राहायला जागा मिळवून देणे ही कामे आता क्लबाच्या गळ्यात. हंगामही पूर्वीच्या सुमारे १४० सामन्यांवरून निम्म्याहून कमी झाला, तेव्हा घरच्या प्रत्येक सामन्याचा गल्ला पूर्वीपेक्षा मोलाचा. दर्जा उतरला हे खरेच, ते झाकण्यात अर्थ नाही.

त्याच नदीकाठचा बर्लिंग्टन बीज हा संघही त्याच वर्षी वगळला गेला आणि त्याच लीगमध्ये आला. दुरुस्ती छापताना त्याचेही नाव घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक