स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग नको

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आपल्या दैनिकात ट्रॅक्टर-ट्रॉली उलटल्याची बातमी येते. मग कापूस निघतो, खामगावच्या बाजाराकडे ट्रॉल्या लागतात आणि पुन्हा तशीच बातमी वाचायला मिळते. लग्नसराईत आणखी एखादी. चालकाचा ताबा सुटला, एवढ्यावर बातमी संपते. चालक बहुतेक वेळा गावातलाच पोरगा असतो आणि वाचला तर गुन्हा त्याच्यावरच दाखल होतो. ट्रॅक्टरचा स्टेअरिंगचा दांडा, म्हणजे हातातल्या चक्रापासून खाली जाणारा पोलादी दांडा, शाबूत होता की आधीच तुटला होता, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारलं जावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी मेहकर तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. त्याआधी सैन्यात, ईएमई म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, वाहन मेकॅनिक होतो. त्या नोकरीत काही काळ लडाखमध्ये स्नो स्कूटर दुरुस्त केल्या. आपल्या भागात ही गाडी कोणी पाहिली असण्याचं कारण नाही, म्हणून थोडं सांगतो. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे दात्यांचा रबरी पट्टा, धरायला मोटारसायकलसारखं हँडल. सियाचीनसारख्या ठिकाणी, जिथे जीप चालत नाही, तिथे सामान आणि आजारी जवान हिच्यावरून न्यावे लागतात. हँडलपासून एक पोकळ पोलादी नळी तिरपी खाली उतरते, बुशांमध्ये (नळीला आधार देणाऱ्या कड्यांमध्ये) फिरते आणि तिच्या खालच्या टोकाच्या कानापासून दोन टाय रॉड, म्हणजे जोडदांडे, दोन्ही स्कींकडे जातात. मध्ये ट्रॅक्टरसारखा स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे दात्यांची पेटी, नसतो. स्की बर्फाखालच्या दगडावर आदळली की तो दणका थेट नळीत शिरतो आणि नळी बरेचदा त्या कानाच्या जोडाजवळच तडकते. गाडी आपटून स्वार हँडलवर फेकला गेला तर ती वाकते.

आमच्या उस्तादांचा नियम सरळ होता. वाकलेली नळी ठोकून सरळ करायची नाही, तडकलेली जोडायची नाही, बदलायची. त्या थंडीत वेल्डिंग क्षणात गार होतं आणि जोडाच्या कडेचं पोलाद कडक पण ठिसूळ होऊन बसतं. शिवाय नळी एकटी बदलून भागत नसे. बुश, टाय रॉडची टोकं, नळी धरणाऱ्या पट्ट्या, सगळं एकेक तपासायचं. एकदा काढलेला नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारा) पुन्हा लावायचा नाही. आधी मागचा पट्टा सरळ करायचा, मग त्याच्या रेषेवरून स्की जुळवायच्या, शेवटी हँडल मधोमध आणायचं. आणि सुरू करण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहायचं, कारण वायर चुकीच्या बाजूने गेली असेल तर वळताना ॲक्सिलरेटर आपोआप ओढला जातो. ही शेवटची तपासणी झाल्याशिवाय उस्ताद गाडी बाहेर काढू देत नसत. तिच्यावर बसणारा माणूस ओळखीचा आहे की नाही याने काही फरक पडत नसे.

गावी येऊन गॅरेज टाकलं तेव्हा पाहिलं, इथे नेमकं उलट चालतं. स्टेअरिंगचा दांडा तुटला की ट्रॅक्टर आधी वेल्डिंगवाल्याकडे जातो. ज्या काडीने घराचं गेट जोडायचं त्याच काडीने दांडा जोडला जातो, वर जाड थर चढवला जातो आणि तो जाड थर पाहून मालकाला धीर येतो. माझ्याकडे येतात तेही हेच मागतात. "मेजर, दोन टाके मारून द्या ना, सोयाबीन वावरात पडेल हाय." त्यांची घाई खोटी नसते. आभाळ भरून आलेलं असतं, मजूर थांबत नाहीत, पार्ट खामगाव-अकोल्याहून आणायचा तर दिवस जातो आणि भाड्याचा ट्रॅक्टर त्या दिवसात परवडत नाही. वेल्डिंग दोन-तीनशे रुपयांत होतं, अस्सल दांडा हजारांत जातो. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी हा हिशेब कोण कसा करेल, हे मला सांगायला नको.

तरीही मी ते टाके मारत नाही. का, ते लिहितो.

स्टेअरिंगचा दांडा साध्या लोखंडी सळईचा नसतो. तो पोलाद निवडून, तापवून, पाणी देऊन तयार केलेला असतो. वेल्डिंगची आच लागली की ते पाणी उतरतं आणि जोडाच्या अगदी शेजारी एक ठिसूळ पट्टा तयार होतो. जोड स्वतः सहसा तुटत नाही, त्याच्या कडेला तुटतं, म्हणून लोक म्हणतात की वेल्डिंग तर पक्कं होतं. दांडा केसभर जरी वाकडा जोडला गेला तरी प्रत्येक फेऱ्यात तो बुशवर घासतो. आणि वेल्डिंगची अर्थ चासीला कुठेही अडकवली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पाडतो. ते लगेच दिसत नाही. पुढे स्टेअरिंग खरखरतं, अडखळतं, तेव्हा कळतं.

मागच्या कापसाच्या हंगामात असाच एक ट्रॅक्टर नालीतून काढून माझ्याकडे आणला. दांडा आधी कुठेतरी रस्त्यावर जोडून घेतला होता. चालकाचं मनगट मोडलं. ट्रॉलीत कापूस होता, माणसं नव्हती. दांड्याचे दोन तुकडे मी डिझेलने धुतले आणि उन्हात धरले. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. वेल्डिंगच्या कडेपासून निघालेला निम्म्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर एकामागे एक सरकत गेलेल्या बारीक कमानी. उरलेला तुकडा ताजा, चकचकीत, दाणेदार. काळपट भाग ही जुनी भेग होती. वळणावळणाला ती थोडी थोडी आत सरकत होती आणि तेवढे दिवस सगळा भार उरलेल्या पोलादावर होता. त्या दिवशी फक्त शेवटचा चकचकीत भाग तुटला. मी त्या पोराच्या वडिलांना दोन्ही तुकडे दाखवले आणि सांगितलं, यात तुमच्या मुलाच्या हाताचा दोष नाही. ते कितीतरी वेळ तुकडा हातात घेऊन उभे होते.

ही भेग तुटण्याआधी सापडू शकते. त्याला महागडं यंत्र लागत नाही. दांडा स्वच्छ धुवायचा, त्यावर रॉकेल लावायचं (रॉकेल आता मिळत नाही, डिझेलनेही काम भागतं), थोडं मुरू द्यायचं, मग कोरडं पुसून वर पांढरा खडू घासायचा. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं तेल परत वर येतं आणि खडूवर ओली काळी रेघ उमटते. चावीच्या खाचेचे कोपरे, दात्यांची मुळं आणि जुन्या वेल्डिंगची कड, एवढ्या जागा नीट पाहाव्यात. ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघून टाय रॉडला ढकलणारा हात) आणि टाय रॉडलाही हीच परीक्षा करावी.

त्याहून सोपी तपासणी शेतकऱ्याने स्वतः करावी. पुढची चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग हाताने हलकंसं डावी-उजवीकडे हलवायचं. चाकं हलण्याआधी ते किती रिकामं फिरतं, ते पाहायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टेअरिंगचा हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी आणि बोल्ट-पिना लॉक केलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळात १२ पासून १ पर्यंत. माझ्याकडे येणारे जुने ट्रॅक्टर पाहा, १२ पासून ३ पर्यंत रिकामे फिरतात. रबरी टोप्या फाटून माती आत गेलेली असते आणि स्प्लिट पिनच्या जागी खिळा वाकवून घातलेला असतो. पॉवर स्टेअरिंगवाल्यांनी तर जास्त जपावं. ते हलकं असतं, त्यामुळे दांड्याच्या खालच्या दात्यांची झीज हाताला लवकर कळत नाही, आणि दाते पूर्ण गेले की हातातलं चक्र फिरतं पण चाकं जागची हलत नाहीत. बोथ्याच्या घाटात, मागे भरलेली ट्रॉली असताना असं झालं तर चालकाने काय करावं?

नियम आहे, पण तो पाहायला कोणी येत नाही. मालवाहू ट्रकला फिटनेस प्रमाणपत्राची अट आहे. शेतीच्या ट्रॅक्टरची एकदा नोंदणी झाली की १५ वर्षं तो तपासणीसाठी कुणासमोर उभा राहत नाही. शेतकऱ्याला आरटीओच्या फेऱ्या घालायला लावा, असं मी मुळीच म्हणत नाही. तपासणीच गावापर्यंत यावी. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा अभ्यासक्रम आहे. त्या मुलांना दसऱ्याआधी बाजाराच्या गावी आणा. जॅक, खडू, डिझेल आणि पाने एवढं सामान पुरे. पुढचा ॲक्सल उचलून एका ट्रॅक्टरचं स्टेअरिंग पाहायला फार वेळ लागत नाही आणि मुलांचा हात वर्गापेक्षा तिथे जास्त बसेल. कृषी विभागाने आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने यात लक्ष घालावं. बियाणं-खतांवर जेवढी पत्रकं निघतात, त्यात एक पान स्टेअरिंगचं निघायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट पार्टची. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांवर काम करायचं ठरवलं त्यात शेती अवजारं होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टलही सुरू झालं. चांगलं झालं. पण माझ्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दांडा आज हवा असतो. ट्रॅक्टर विकताना तालुक्याला शोरूम थाटता येतं, तर त्याच शोरूममध्ये दांडा, ड्रॉप आर्म, टाय रॉड एंड आणि त्यांचे नट-पिना एवढे जीवावरचे पार्ट कायम शिल्लक असायलाच हवेत. जुन्या मॉडेलचेसुद्धा, कारण आपल्याकडे जास्त राबतात ते जुनेच. कोणता नट किती आवळायचा आणि ड्रॉप आर्मच्या खुणा कशा जुळवायच्या, याचा तक्ता मराठीत छापून भिंतीला लावा. आमच्या गावोगावच्या मिस्त्रींचे हात चांगले आहेत, पण कंपनीचं पुस्तक त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेलं नाही.

मी वेल्डिंगच्या विरोधात नाही. ट्रॉलीचा फाळका तुटला, वखराची पास निखळली, कल्टिव्हेटरची फ्रेम तडकली तर मीही जोडून देतो. स्टेअरिंग, ब्रेकचे रॉड आणि ट्रॉलीचा हूक मात्र जोडू नयेत. नवा पार्ट मिळत नसेल तर भंगारातल्या ट्रॅक्टरचा अस्सल दांडा आणावा, खडूने तपासावा आणि तो बसवावा. जोडलेल्या दांड्यापेक्षा मला त्याचा भरवसा जास्त वाटतो. चक्र काढताना पुलर वापरावा, हातोड्याने ठोकू नये. आणि दांडा बदलेपर्यंत ट्रॅक्टर वावरातच ठेवावा, मजूर बसवून रस्त्यावर आणू नये.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. अपघाताच्या जागी गेल्यावर मोटार वाहन निरीक्षकांना स्टेअरिंगबद्दल विचारा. दांडा तुटला असेल तर तोंडाला एक रंग होता की दोन, तेही विचारा आणि छापा.

आयटीआय किंवा कृषी विभाग असं तपासणी शिबिर घेणार असेल तर कोणत्याही तालुक्यात मी माझा जॅक आणि पाने घेऊन एक पैसा न घेता येईन. पत्र जागेअभावी कापावं लागलं तर माझी ओळख कापा, खडूची परीक्षा आणि ३० अंशांचा नियम तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त फौजी मिस्त्री,
ता. मेहकर, जि. बुलढाणा