टायब्रेकरचा बारावा फटका

कॉव्हेंट्री,
३० मे २०२३

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

टायब्रेकरला तुझी पेनल्टी बाहेर गेल्यापासून तू मैदानाकडं फिरकलेला नाहीस, असं आई म्हणाली. तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं दारात आली की तू आतल्या खोलीत जाऊन बसतोस म्हणे. माझ्याशीही फोनवर "बरा आहे" एवढंच बोलतोस आणि ठेवतोस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शनिवारी मी वेम्बलीत होते. तिथं जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी आबांसाठी लिहिते, कारण पत्र तेच मोठ्यानं वाचणार. इथल्या फुटबॉलमध्ये सगळ्यात वर प्रीमिअर लीग, तिच्या खालच्या श्रेणीला चॅम्पियनशिप म्हणतात. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोघं थेट वर जातात; यंदा बर्नली आणि शेफिल्ड युनायटेड गेले. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चौघं प्ले-ऑफ खेळतात. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, एकदा याच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. त्यातून उरलेल्या दोघांचा वेम्बलीत एकच सामना. प्ले-ऑफ १९८७ पासून आहेत, अंतिम सामना एकच ठेवायची रीत १९९० पासूनची.

आबा विचारणार, वर्षभर घाम गाळून तिसरा आलेला एका दुपारी हरला तर तो न्याय कसला? बरोबर आहे त्यांचं. लूटन ८० गुणांवर तिसरं होतं आणि आमचं कॉव्हेंट्री ७० वर पाचवं. पण हंगामाच्या सुरुवातीला कॉव्हेंट्री तक्त्यात तळाला होतं. राष्ट्रकुल स्पर्धेतल्या रग्बीनं मैदान खराब झालं आणि घरचे सामनेच पुढे ढकलावे लागले. तिथून वर येणाऱ्या संघाला मे महिन्यापर्यंत आशा राहते ती प्ले-ऑफमुळंच, म्हणून मी या पद्धतीच्या बाजूची आहे.

दोन्ही संघांनी सोसलंयही खूप. लूटनचे ३० गुण कापले गेले, २००९ साली ते लीगबाहेर, म्हणजे वरच्या चारही श्रेणींच्या खाली, फेकले गेले आणि परत यायला २०१४ उजाडलं. त्या लीगबाहेरच्या दिवसांपासून त्यांच्याकडं असलेला पेली-रडॉक मपान्झू शनिवारीही खेळत होता. कॉव्हेंट्रीला तर मैदानाच्या वादात घरचे सामने कधी नॉर्दॅम्प्टनला, कधी बर्मिंगहॅमला जाऊन खेळावे लागले. पाच वर्षांपूर्वी हे दोघंही चौथ्या श्रेणीत होते. आता वर जाणाऱ्याला किमान १७ कोटी पौंड मिळणार, असं इथली वर्तमानपत्रं लिहीत होती.

मला घेऊन गेली ती आमच्या वॉर्डातली साठीला आलेली एक सहकारी. १९८७ साली कॉव्हेंट्रीनं टॉटनहॅमला ३-२ हरवून एफए कप जिंकला, तेव्हा ती वडिलांबरोबर वेम्बलीत होती. त्या दिवशीचा आकाशी लोकरी मफलर तिनं भर उन्हात गळ्यात घातला होता. कडा उसवलेल्या, एका टोकाला रफू केलेलं. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजीच्या सामन्याला शाहू स्टेडियम कसं दोन पेठांत वाटलं जातं, तसंच तिथं होतं. अर्धं आकाशी, अर्धं नारिंगी, माणसं ८५ हजारांवर.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि लूटनचा कप्तान टॉम लॉकियर कुणाचा धक्का न लागता कोसळला. असा माणूस पडताना दिसला की माझं लक्ष आधी घड्याळाकडं जातं. त्याला दवाखान्यात नेलं, पुढं तो शुद्धीवर असल्याचं कळलं, तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. मग २३ व्या मिनिटाला जॉर्डन क्लार्कनं लूटनचा गोल केला आणि ६६ व्या मिनिटाला गुस्ताव्हो हामरनं आमची बरोबरी साधली. जादा वेळेतही १-१ च राहिलं आणि आळीपाळीनं पेनल्टी मारायचा टायब्रेकर लागला.

बाळू, अकरा फटके आणि अकराच्या अकरा गोल. लूटनचे सहा, आमचे पाच. बारावा फटका मारायला फॅनकाटी डाबो चालत निघाला. पहिले पाच कोण, हे संघ ठरवून ठेवतात. सहाव्यावर पाळी येईल असं कुणी धरूनच चाललेलं नसतं. त्या रात्री तूही सहावाच होतास, हे मला आईकडून कळलं. चेंडू आडव्या दांडीवरून गेला. नारिंगी बाजूनं जो आवाज उठला तो आमच्यापर्यंत पोचायला जणू क्षणभर वेळ लागला, इतकी आमची बाजू गप्प झाली होती. डाबो एकटाच होता. मग त्याचे सोबती त्याच्याकडं धावले.

शेजारी माझ्या सहकारीनं मफलर काढला, मांडीवर चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. रडत होती. तरी उभी राहिली आणि डाबो आत जाईपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. मीही वाजवल्या, हात लाल होईस्तोवर.

त्याच्यावर इंटरनेटवरून कातडीच्या रंगावरून घाणेरडं लिहिलं गेलं. क्लबनं लगेच निषेध केला. वाचून माझं रक्त उसळलं. काल ड्यूटीवर आमचा विषय निघाला, तेव्हा ती सहकारी एवढंच म्हणाली, की सामन्यात जे वर बसून बघत होते त्यांच्यातलं कुणी तिथवर चालत गेलं असतं का? मला लगेच तू आठवलास.

स्टडचे नवे बूट गावाकडं येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवतेय. आठ नंबरचेच ना? पाऊस पडून मैदानाचा चिखल व्हायच्या आत पोचतील.

आणि मला एक लिही. गोली कुठं झुकला होता, तू कुठला कोपरा धरला होतास, पाय कुठं पडला. कोण जिंकलं ते आईनं सांगितलंय.

आईला, आबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
ताई