चाव्यांचा जुडगा घेऊन फिरणाऱ्या काकांचे आभार

बाबा गेल्यावर मी आणि आई डोंबिवलीत भाड्याचं घर शोधत होतो. ऐन जुलै. एजंटकाका चौदा घरं दाखवत फिरले. जिना चढताना मुद्दाम आईच्या मागे राहायचे, तिचा पाय घसरला तर म्हणून. दोन मालकांनी ऐनवेळी शब्द फिरवला. त्या खेपांचं पेट्रोल काकांच्याच खिशातून. दलाली मिळते ती करार झाला तरच, हे आपण विसरतोच.

अकरा महिन्यांच्या कराराच्या नोंदणीला आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. भांडी घासून रेषा झिजलेल्या. काका आणि ते यंत्र आणणारा मुलगा रात्री साडेनऊपर्यंत थांबले, ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हा पुन्हा टेकवत. चिडले नाहीत.

काका, दादा, मनापासून आभार. चहाला या, आई वाट बघतेय.