कोणत्या धनुष्याला कोणती दोरी: मित्रास पत्र

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. ‘ग्रेलिंग, मिशिगन’ अशी अक्षरे असलेले बेअर कंपनीचे कोडिअ‍ॅक हे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य तुला जुन्या सामानाच्या विक्रीत मिळावे, आणि तेही भुजांना (मुठीच्या वरच्या-खालच्या लवचीक पात्यांना) पीळ न पडलेले, याचा आनंद झाला. थोडा हेवाही वाटला. तू विचारले आहेस की, दुकानदार म्हणतो तशी फास्ट फ्लाइट जातीची दोरी आणून ती या रिकर्व्हलाही लावली आणि तुझ्यासाठी तयार होत असलेल्या नव्या लाँगबोलाही (लांब, सरळ भुजांच्या धनुष्यालाही) लावली, तर काय बिघडेल? नव्याचे बहुधा काही बिघडणार नाही. जुन्याचे टोक मात्र जाऊ शकते, आणि एकदा टोक गेले की त्या धनुष्याची जागा भिंतीवरच.

तुझ्या धनुष्याचे वय त्याच्यावरच लिहिलेले आहे. बेअर कंपनीने आपला कारखाना १९७८ साली ग्रेलिंगहून फ्लॉरिडातल्या गेन्सव्हिलला नेला. दुकानदार ज्या दोऱ्यांची शिफारस करतो आहे त्यांचा धागा, म्हणजे स्पेक्ट्रा किंवा डायनीमा या नावांनी विकले जाणारे अतिशय मजबूत पॉलिएथिलीन, धनुष्याच्या दोरीत आला तो १९८०च्या दशकात. म्हणजेच ज्या कारागिरांनी तुझ्या धनुष्याची टोके घासून त्यांना खाचा पाडल्या, त्यांच्यासमोर डेक्रॉन या आधीच्या धाग्याची दोरी होती आणि त्या खाचा त्यांनी डेक्रॉनच्याच हिशेबाने पाडल्या.

आता हा हिशेब म्हणजे नेमके काय, ते सांगतो. ओढलेले धनुष्य सुटते तेव्हा भुजांतली बरीचशी ऊर्जा बाण घेऊन जातो, परंतु सगळी नाही. उरलेल्या ऊर्जेनिशी भुजा पुढे झेपावत असतात आणि दोरी ताठ होऊन त्यांना जागच्या जागी थोपवते. डेक्रॉन हे पॉलिएस्टर आहे. या क्षणी ते किंचित ताणले जाते आणि हिसका थोडा पसरून टोकांपर्यंत पोहोचतो. डायनीमा जवळजवळ ताणलाच जात नाही, त्यामुळे तोच हिसका एका झटक्यात खाचेवर बसतो. शिवाय हा धागा इतका मजबूत असतो की थोड्या धाग्यांत काम भागते, दोरी बारीक होते आणि बारीक दोरी खाचेच्या लाकडात सुरीसारखी रुतते. दोरीचा फास जिथे टेकतो तिथून भुजेच्या लांबीच्या दिशेने केसासारखी चीर निघालेली जुनी धनुष्ये मी हातात घेऊन पाहिली आहेत. ती चीर नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही; नख आडवे फिरवले की अडकते. तुझ्या कोडिअ‍ॅकची दोन्ही टोके दोरी लावण्याआधी अशी तपासून घे.

टोकावर काचतंतूचे पातळ आच्छादन दिसले तरी त्यावर विसंबू नकोस. नव्या धनुष्यांत टोकांवर मिकार्टा, फिनॉलिक (दोन्ही राळेने घट्ट केलेली कठीण द्रव्ये) किंवा शिंगाचे एकावर एक थर बसवतात ते याच धाग्यांसाठी, आणि त्यांची जाडी बाजूने पाहिली की लगेच कळते. काही अनुभवी मंडळी असे सांगतील की, फासापुरते जादा धागे घालून तो जाड केला की जुन्या धनुष्यालाही डायनीमा चालतो. जाड फासामुळे भार पसरतो आणि खाच कापली जात नाही, हे खरे आहे. पण हिसका तेवढाच राहतो, कारण न ताणणारी दोरी फास जाड केल्याने ताणायला लागत नाही. ज्याला आपले जुने धनुष्य पणाला लावायचे आहे त्याने लावावे. मी तुला तो सल्ला देणार नाही.

डेक्रॉनने तुझे नुकसान ते किती? बाण सेकंदाला काही फूट सावकाश जाईल. दोरीच्या वजनापैकी साधारण एक तृतीयांश वजन बाणाच्या वजनात मिळवल्यासारखे वागते, असा जुना आणि विश्वासार्ह हिशेब आहे. डेक्रॉनची दोरी जाड आणि जड, म्हणून हा फरक पडतो. तू वीस यार्डांवर, बोटांनी ओढून, दृष्टिसाधनाशिवाय नेम धरणारा माणूस. तुझे बाण जिथे चुकतात तिथे दोरी चुकत नाही, हे तू रागावणार नाहीस म्हणून लिहितो. उलट डेक्रॉनचा आवाज मऊ असतो आणि सोडताना हाताला झटका कमी बसतो, हे तुला पहिल्याच दिवशी जाणवेल.

तेव्हा कोडिअ‍ॅकसाठी बी-५० किंवा बी-५५ हा डेक्रॉनचा धागा घ्यावा. यातला बी-५५ थोडा कमी ताणतो. ओढायला पंचेचाळीस पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याला चौदा धागे योग्य. मागणी नोंदवताना एक घोटाळा हमखास होतो, तो टाळ: धनुष्याची प्रमाणित लांबी ६० इंच असेल तर रिकर्व्हची दोरी प्रत्यक्षात चार इंच आखूड, म्हणजे ५६ इंच लागते. लाँगबोला तीन इंच आखूड पुरते. म्हणून दुकानदाराला धनुष्याची लांबी सांगतो आहेस की दोरीची, हे स्पष्ट लिही.

बांधणीबद्दलही तू विचारले आहेस. अखंड दोरीत एकच धागा दोन खुंट्यांभोवती फेऱ्या घालत जातो आणि फास वेगळ्या दोऱ्याने गुंडाळून तयार करतात. सर्व धागे सारख्या ताणाचे राहतात, आणि स्पर्धेत खेळणाऱ्याला तीच आवडते. फ्लेमिश बांधणीत धाग्यांचे दोन किंवा तीन पेड करतात. प्रत्येक पेडाला मेण लावून त्याला बोटांनी आपल्यापासून दूर पीळ द्यायचा आणि पिळलेला पेड दुसऱ्यावरून आपल्याकडे ओलांडायचा, असे करत फास वळत न्यायचा. दोन उलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात, गाठ लागत नाही. फासाखालची मोकळी शेपटे त्याच पेडांत मुरवताना ती एकाच जागी संपू द्यायची नाहीत, नाहीतर तिथे दोरी एकदम बारीक होते. तुझ्यासाठी मी फ्लेमिशच सुचवीन, कारण तिचा पीळ वाढवला की दोरी आखूड होते आणि धनुष्याच्या मुठीपासून दोरीचे अंतर, ज्याला आपण ब्रेस हाइट म्हणतो, ते घरच्या घरी हवे तसे लावता येते. रिकर्व्हला ते साडेसात ते साडेआठ इंचांच्या दरम्यान बसते. धनुष्य सर्वांत शांत वाजेल ती जागा तुझी. नवी डेक्रॉन दोरी सुरुवातीला बसते आणि अंतर कमी होते, त्याने घाबरून जाऊ नकोस. दोरी उतरवून चार पीळ वाढव.

नव्या लाँगबोसाठी डी-९७ हा डायनीमाचा धागा खुशाल घे, मात्र ते धनुष्य बनवणाऱ्याने तसे लेखी कळवल्यावर. ताकदीला दहा-बारा धागे पुष्कळ झाले. फास जाड करून घे आणि दोरीच्या मध्यावर बाण बसतो तिथल्या गुंडाळीची जाडी बाणाच्या नॉकला (मागच्या खाचेला) जुळव. बाण नॉकने दोरीला लटकवावा, दोरीवर टिचकी मारावी. टिचकीने सुटला तर ठीक, आधीच पडला तर सैल, सुटलाच नाही तर घट्ट. वेगवान दोरीवर तोच बाण थोडा मऊ (जास्त वाकणारा) असल्यासारखा वागतो, त्यामुळे तुझे सध्याचे बाण मुळातच काठावर असतील तर एक पायरी ताठ घ्यावे लागतील. हा धागा उष्णतेत हळूहळू लांबतो, तेव्हा दोरी चढवलेले धनुष्य उन्हातल्या गाडीत ठेवू नकोस. तिथे धनुष्याचे थरही सुटतात, तो भाग वेगळा.

राहिली ती तुझी नैसर्गिक धाग्यांची हौस. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू अशी यादी दिली आहे, आणि त्यातला वेळू अजून कालबाह्य झालेला नाही: सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठ्याला (धनुष्याला) बांबूच्याच सालीची चपटी पट्टी दोरी म्हणून असते. नंदुरबारहून आणलेला तुझ्याकडचा कामठा तसाच राहू दे. त्याची टोके त्या चपट्या पट्टीसाठी कोरलेली आहेत, त्यांवर गोल दोरी नीट बसणार नाही. तागाची किंवा जवसाच्या धाग्याची दोरी वळून पाहायची असेल तर अवश्य वळ, पण ती हलक्या, एकसंध लाकडी धनुष्यावर लाव. डेक्रॉन येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत जवसाच्या दोऱ्या चालत, आणि त्या तुटत. नेमबाजीच्या ऐन क्षणी दोरी तुटली की सगळा भार भुजांवर उलटतो, म्हणून काचतंतूच्या कोडिअ‍ॅकवर हा प्रयोग नको.

निगा फारशी नाही. दोरी खरखरीत दिसू लागली की मेण लावून चामड्याच्या तुकड्याने ती गरम होईपर्यंत घासावी, मधली गुंडाळी वगळून. एक जरी धागा तुटला तरी दोरी टाकून द्यावी.

कोडिअ‍ॅकची दोरी मीच वळून पाठवतो. बी-५५ची तपकिरी रीळ घरात आहे. त्यासाठी दोन मापे कळव: भुजेवर छापलेली लांबी, आणि टोकाच्या खाचेपाशी भुजेची रुंदी. वरचा फास भुजेवरून खाली सरकवून ठेवता यावा लागतो, त्यामुळे दुसऱ्या मापाशिवाय मला तो वळता येणार नाही. टोकांवर नख अडकले असेल तर मापांच्या आधी ते लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही